मंगळवार पेठेत शिजलेला कट

समोर मिसळ आली की ती घटना मला आजही आठवते आणि पहिला घास घेण्याआधीच ठसका लागतो. घरची मंडळी पाण्याचा तांब्या पुढे करतात. त्यांना वाटते तिखट लागले. खरे तर मला एक गुन्हा आठवलेला असतो. तो गुन्हा घडलाच नव्हता, तरीही त्याची खबर, चौकशी, कबुली आणि मुद्देमाल हे सगळे रीतसर झाले होते.

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले पुष्कळसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे प्रकरण मात्र जसेच्या तसे लक्षात आहे. यातल्या कुणाचेही नाव मी लिहिणार नाही. काही जण अजून सेवेत आहेत आणि एक जण अजून मिसळ करतात.

आधी थोडे माझ्याविषयी सांगतो, कारण त्याचा या प्रकरणाशी संबंध आहे. मी शाहूवाडी तालुक्यातला. आईवडील दुसऱ्याच्या रानात राबले. मी मलकापूरच्या हायस्कुलात शिकलो आणि पुढे सरकारी वसतिगृहात राहून पदवी घेतली. आमच्या अख्ख्या बौद्धवाड्यात पदवी घेणारा मी पहिला. फी माफ होती, शिष्यवृत्ती होती, वसतिगृहात दोन वेळचे जेवण होते. अंगावरचा पहिला नवा सदरा मी शिष्यवृत्तीतून शिवला. त्यामुळे सरकारी कागदावर जे येते ते कुणीतरी नीट विचार करूनच लिहिलेले असणार, अशी माझी पक्की समजूत होती. वरून हुकूम आला की तो पुरता वाचायच्या आधीच माझ्या तोंडातून ‘होय सर’ निघत असे.

त्या वेळी मी कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. मंगळवार पेठेचा काही भाग आमच्या हद्दीत येई. दुसऱ्या दिवशी एक मंत्रिमहोदय शहरात येणार होते. मंत्री येणार म्हटले की ठाण्याला लग्नघराची कळा येते. सगळे धावत असतात, नक्की काय करायचे ते कुणालाच माहीत नसते आणि जेवणाची आबाळ होते. अशा गडबडीत नियंत्रण कक्षाकडून संदेश आला.

“मंगळवार पेठ परिसरात मंत्रिमहोदयांविरुद्ध गंभीर स्वरूपाचे कारस्थान रचले जात असून त्यांना पेयाद्वारे अपाय केला जाण्याची शक्यता नाकारता येत नाही. संबंधितांवर तात्काळ प्रतिबंधक कारवाई करून मुख्य सूत्रधाराच्या नावासह अहवाल आज सायंकाळपर्यंत सादर करावा.”

वाचकांना सांगतो, पोलीस खात्याने आजवर एकही शक्यता नाकारलेली नाही. तरीही ‘पेयाद्वारे अपाय’ हे शब्द वाचून मी ताबडतोब कामाला लागलो.

खबर आणली होती विशेष शाखेच्या एका तरुण उपअधीक्षकांनी. ते नागपूरकडचे. कोल्हापुरात येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. हुशार माणूस, कामाला वाघ. साध्या कपड्यांत पेठेतल्या एका सलूनमध्ये दाढी करायला बसले असताना त्यांनी शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचे बोलणे ऐकले. तोंडाला साबण असल्यामुळे मान वळवून बघता आले नाही आणि साबण पुसेपर्यंत माणूस निघून गेला. आरशात ओझरते दिसले त्यावरून त्यांनी मला फोनवर वर्णन दिले: अंगाने जाड, मिशा मोठ्या, आवाज चढा.

मी ते आमच्या जुन्या हवालदारांना वाचून दाखवले. त्यांची सगळी हयात याच हद्दीत गेलेली. ते म्हणाले, “साहेब, मंगळवार पेठेत ह्या वर्णनात बसत न्हाय असा बाप्या दावा, तेला धरून आणतो. बाकीच्यास्नी आणायला एस. टी. लागंल.”

“अंगाला भाजलेल्या खोबऱ्याचा वास येत होता, असंही ते म्हणाले,” मी सांगितले.

“मग आधी सांगायचं की!” हवालदारांनी टोपी चढवली. “मिसळवाले मामा.”

हे मामा म्हणजे पेठेतले नावाजलेले आचारी. बारसे असो की तालमीचा कार्यक्रम, मामांचे पातेले चढल्याशिवाय काही होत नसे. हवालदार त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, “चला मामा, साहेबांनी बोलावलंय.”

मामांनी विचारले, “किती मान्सांचं?”

मंत्र्यांच्या बंदोबस्ताला बाहेरगावचे पोलीस येणार, त्यांच्या नाष्ट्याची ऑर्डर असणार, असे त्यांना वाटले. घाईघाईने त्यांनी नमुन्यादाखल पिशवीभर चटणी बरोबर घेतली आणि हवालदारांच्या मोटारसायकलवर आनंदाने मागे बसले. माझ्या नोकरीत ठाण्यात इतक्या हसऱ्या चेहऱ्याने आलेला संशयित मी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्या पाठोपाठ रिक्षातून एक बाई उतरल्या. साठी ओलांडलेल्या, सुती साडी, चष्मा, हातात कापडी पिशवी. मामांच्याच गल्लीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. मुलींच्या एका हायस्कुलात त्यांनी नागरिकशास्त्र शिकवले होते. ठाणे अंमलदाराने त्यांना बाकावर बसायला सांगितले. त्या बसल्या नाहीत.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “मी अटकेत आहे का पाहुणी आहे?”

ठाणे अंमलदार गोंधळला. “तसं काय न्हाय बाई. जरा बसा.”

“‘जरा बसा’ असं कायद्यात काही नाही. अटक असेल तर कारण सांगा. पाहुणी असेन तर चहा सांगा.”

हे मला माझ्या खोलीत ऐकू आले. मी बाहेर जाऊन नमस्कार केला आणि म्हटले, “बाई, आम्ही तुम्हाला बोलावलेलं नाही.”

“बोलावताही येत नाही. बाईमाणसाची चौकशी करायची तर पोलिसांनी घरी यायचं असतं. म्हणून म्हटलं, तुमची अडचण नको, मीच आपणहून आले. मामांना कशाला उचललंत?”

मी हवालदारांकडे पाहिले. हवालदारांनी चहावाल्याला हाक मारली.

तेवढ्यात उपअधीक्षक साहेब आले आणि चौकशी सुरू झाली. खोलीत ते, मी, हवालदार आणि मामा. टेबलावर चटणीची पिशवी उघडी होती.

“ही लाल भुकटी कसली?” साहेबांनी विचारले.

“चटणी हाय,” मामा म्हणाले.

“चटणी अशी असते? कोरडी?”

कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याला चटणी म्हणतात, हे मी सांगणार तोच साहेबांनी पिशवीत वाकून वास घेतला. पुढचा बराच वेळ चौकशी शिंकांमुळे तहकूब राहिली. हवालदारांनी पंख्याचे बटण दाबले, त्यामुळे आम्हीही शिंकू लागलो.

डोळे पुसून साहेबांनी दरडावले, “मंत्र्यांविरुद्ध काय कारस्थान चाललंय?”

“कारस्थान?” मामांचा चेहरा पडला. ऑर्डर नव्हती हे त्यांना आत्ता कळत होते. “आमी न्हाय ओ. जोतिबाची आण! आमी काय कारस्थान करणार? आमी फक्त मिसळ करतो.”

“खोटं बोलू नका. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. सलूनमध्ये तुम्ही म्हणालात, उद्यासाठी मोठा कट शिजवायचाय!”

मामांचा जीव भांड्यात पडला. “कट व्हय! मग असं म्हणा की साहेब! त्यो तर शिजवायचाच हाय.”

साहेबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. मी हवालदारांकडे पाहिले. हवालदार भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

आता इथे मी खुलासा करायला हवा होता. पण वरिष्ठ चौकशी करत असताना मध्ये तोंड घालायचे नाही, ही शिस्त माझ्या हाडात भिनलेली. शिवाय प्रश्नांमागून प्रश्न इतक्या वेगाने सुटत होते की फट मिळेना.

“कुठे शिजणार आहे कट?”

“घरामागं शेड हाय माजं. तितंच शिजतो कायम.”

“कायम? म्हणजे आधीही कट शिजलेत?”

“लई! आमदारांच्या पोराच्या लग्नात आमचाच कट हुता. लोक अजून नाव काढत्यात.”

“या कटात किती माणसं आहेत?”

“दीडशे तर व्हतील. कमी पडाय नको, न्हाय तर बोंब हुती.”

साहेबांचा आवाज खाली आला. “आणि कटात काय काय आहे?”

“आता ते कसं सांगू साहेब? धंद्याची गोष्ट हाय.” मामा जरा लाजले. “पर तुमी एवढं इचारताय म्हणून सांगतो. तीळ, खोबरं, आलं, लसूण, आन् ही चटणी.”

साहेब लिहीत होते. ‘तीळ’ लिहून झाल्यावर त्यांचा हात थांबला.

मी शेवटी खाकरलो. “सर, इकडे मिसळीच्या तिखट रश्शाला कट म्हणतात.”

त्यांनी पेन खाली ठेवले. मग हळूच म्हणाले, “आमच्याकडे तर्री म्हणतात.”

“होय सर.”

“तर्री म्हणाला असता तर मी दाढी पूर्ण करून निघून गेलो असतो.”

त्यांच्या उजव्या गालावर त्या दिवशी अर्धवट राहिलेली दाढी होती, ती मला तेव्हा दिसली. दोष कुणालाच देता येत नव्हता. त्यांनी ‘कट’ ऐकला, अहवालात भाषा भारदस्त हवी म्हणून ‘कारस्थान’ लिहिले, आणि तिथेच मूळ शब्द हरवला. मूळ शब्द आमच्यापर्यंत आला असता तर ठाण्यातल्या सफाई कामगारानेही प्रकरण दारातच मिटवले असते.

इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण साहेब पुन्हा ताठ झाले. “आणि ‘मंत्र्याला पाणी पाजल्याबिगर सोडायचं न्हाय’ हे? हेही पदार्थाचं नाव आहे का?”

मामांनी दाराकडे पाहिले. दारातून आवाज आला, “ते मात्र खरं आहे.”

बाई आत आल्या. त्यांनी कापडी पिशवीतून एक काचेची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. आत पिवळसर, गढूळ काहीतरी होते.

“पेय!” साहेब खुर्चीतून उठले.

“हो. आमच्या नळाचं,” बाई म्हणाल्या. “पावसाळ्यापासून असंच येतंय. गल्लीत घरटी कावीळ आहे. अर्ज दिले, खेटे घातले. दर वेळी सांगतात, तपासलं, पाणी पिण्यायोग्य आहे. उद्या मंत्री आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाणार. मिसळ त्यांना फार आवडते म्हणे. मिसळ खायला बोलवायचं आणि हे पिण्यायोग्य पाणी प्यायला द्यायचं. एवढाच बेत आहे. यात गुन्हा कुठला, ते सांगा. मी लिहून घेते.”

साहेबांनी वर फोन लावला आणि घडले तसे सांगितले. मग फोन माझ्या हातात दिला. पलीकडचे वरिष्ठ खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मिसळ असो नाहीतर बासुंदी, मला उद्या गडबड नको. आचारी आणि ती बाई, दोघांना ताफा जाईपर्यंत बसवून ठेवा. सूत्रधार म्हणून बाईंचं नाव घाला. प्रतिबंधक कलम लावा आणि अहवाल पाठवा.”

सर्वसामान्य वाचकांना ‘बसवून ठेवणे’ हा प्रकार समजावून सांगितला पाहिजे. ती अटक नसते, म्हणून कारण द्यावे लागत नाही, कोर्टापुढे न्यावे लागत नाही. सुटकाही नसते, म्हणून माणसाला जाता येत नाही. कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात हा शब्द नाही, पण प्रत्येक ठाण्यात त्यासाठी एक बाक आहे. मी स्वतः त्या बाकावर कितीतरी माणसे बसवली होती आणि त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नव्हते.

मी सवयीने ‘होय सर’ म्हटले आणि फोन ठेवला. बाईंना सगळे ऐकू गेले होते. त्या बाहेर गेल्या आणि पहिल्यांदाच बाकावर बसल्या; मामा आणि मीही मागोमाग गेलो.

“नाव घाला माझं,” त्या म्हणाल्या. आवाज मघासारखा नव्हता. “आयुष्यभर हजेरीपटात मी दुसऱ्यांची नावं घातली. पण या गावात माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आहेत हो. कुणी नर्स आहे, कुणी कारकून आहे. त्यांना मी शिकवलंय, अर्ज करा, प्रश्न विचारा, भिऊ नका, सरकार आपलं आहे. उद्या पेपरात येईल, बाईंना पोलिसांनी धरलं. त्या काय म्हणतील? बाईंनी आपल्याला खोटं शिकवलं. एवढंच ना?”

मामा हळूच म्हणाले, “बाई, माजं नाव घालू द्या की. मला काय, धंदा वाढंल.”

कुणी हसले नाही. मी खोलीत जाऊन बसलो. अहवालाचा कोरा कागद पुढे होता. मला मलकापूरची शाळा आठवली. नागरिकशास्त्राचे पुस्तक इतिहासाच्या पुस्तकाच्या मागे चिकटवलेले असे आणि परीक्षेत त्याला मोजके गुण. आमचे गुरुजी म्हणत, मार्क थोडे आहेत पण आयुष्यभर पुरतील. सरकारने मला शिकवले, म्हणून सरकार सांगेल ते करायचे, असा मी हिशेब मांडला होता. पण सरकारने मला शिकवले होते ते हेच पुस्तक. त्यात ‘बसवून ठेवणे’ हा धडा नव्हता.

मी बाहेर येऊन म्हटले, “बाई, माझ्यावर सरकारचा फार मोठा उपकार आहे.”

“उपकार कसला? तो तुमचा हक्क होता,” त्या म्हणाल्या. मग चष्म्यावरून बघत पुढे म्हणाल्या, “पण मानायचाच असेल तर सरकार चुकताना त्याचा हात धरा. नुसती मान हलवून फेड होत नाही.”

मी ठाण्यातून वर फोन लावला. “सर, मिसळीच्या कटाला प्रतिबंधक कलम लागत नाही. दोघांना जाऊ देतोय. उद्या गल्लीत मी स्वतः बंदोबस्ताला थांबतो.”

पलीकडून ते वाक्य आले, ज्याला आमच्या खात्यात सगळे गोळीपेक्षा जास्त भितात. “तुमच्या जबाबदारीवर.”

“होय सर,” मी म्हटले. तेच दोन शब्द, पण माझ्याच कानाला ते निराळे वाटले.

स्टेशन डायरीत मी नोंद घेतली: ‘कट म्हणजे मिसळीचा रस्सा असल्याचे चौकशीत निष्पन्न. गुन्हा दिसून येत नाही. संबंधितांना चहा देऊन निरोप दिला.’ चटणीची पिशवी परत करायला निघालो तर ती निम्मी झालेली.

“मुद्देमालाची चव बगितली साहेब,” हवालदार गंभीरपणे म्हणाले. “गुन्हा घडायच्या लायकीचा हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली झाडून लख्ख होती. मामांच्या पातेल्यावर लाल तवंग तरंगत होता. लोक नवे कपडे घालून उभे होते. बाईंनी टेबलावर स्वच्छ काचेचे ग्लास मांडले होते, आणि त्यांतले पाणी मात्र त्यांना शोभत नव्हते. मी, हवालदार आणि चार शिपाई बंदोबस्ताला होतो. उपअधीक्षक साहेबही आले होते. आज त्यांची दाढी दोन्ही गालांवर पूर्ण केलेली होती.

वायरलेस खरखरला. “ताफ्याचा मार्ग बदलला आहे. मंगळवार पेठ टाळून पुढे जात आहे. कारण, सुरक्षा.”

आमच्या ठाण्यात कारस्थान मिटले होते, पण वरच्या कुठल्यातरी कक्षात ते अजून जिवंत होते. गल्लीतले चेहरे उतरले. सकाळपासून कांदा चिरणाऱ्या बाया पदराने डोळे पुसू लागल्या आणि या वेळी ते कांद्यामुळे नव्हते. मामा पळी हातात धरून म्हणाले, “आता ह्यो कट कुणी खायाचा?”

बाईंनी आमच्याकडे पाहिले. “सरकार आलं नाही असं कोण म्हणतं? हे काय, वर्दीत उभं आहे. बसा हो सगळे.”

नाही म्हणायला जागाच नव्हती. आम्ही बाकड्यांवर बसलो. पुढ्यात मिसळी आल्या. उपअधीक्षक साहेबांनी बाह्या सरसावल्या. मी त्यांना म्हटले, “सर, जरा बेतानं.”

“आम्ही नागपूरकडची झणझणीत सावजी खाणारी माणसं,” ते म्हणाले आणि पाव बुडवून मोठा घास घेतला.

पहिल्या घासाला ते हसले. दुसऱ्याला त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिसरा घास हातातच राहिला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. त्यांची अधिकाऱ्याची प्रमाण भाषा गळून पडली आणि ते ओरडले, “पाणी! पाणी द्या ना जी लवकर!”

माझीही अवस्था वेगळी नव्हती. मी कोल्हापूरचे पाणी प्यालेला माणूस, पण असा कट मी जन्मात खाल्ला नव्हता. ही नेहमीची मिसळ नव्हेच.

बाईंनी ग्लास पुढे केला. साहेबांनी तो झडप घालून तोंडाशी नेला आणि तिथेच थांबले. आधी वास आला. मग त्यांनी ग्लास उजेडात धरला. तळाशी काहीतरी हलत होते.

“हे पाणी?” ते धापा टाकत म्हणाले.

“आमचं.”

“तुम्ही हेच पिता?”

“उकळून, गाळून. लेकराबाळांनाही हेच.”

“दुसरं नाही का?”

“दुसरं सरकारकडं असतं,” बाई म्हणाल्या.

वर्दीतले आम्ही सगळे तोंड उघडे टाकून, हातात ग्लास धरून बसलो होतो आणि प्यायची कुणाची छाती होत नव्हती. मामा खाली मान घालून मिशीत हसत होते. बाई समजावून सांगावे तशा म्हणाल्या, “म्हणून तर मामांना सांगितलं होतं, कट असा करा की माणसानं आपल्या तोंडानं पाणी मागितलं पाहिजे. जबरदस्ती करायची नाही. लोकशाहीत ते चालत नाही.”

साहेबांनी रुमालाने डोळे पुसले. “म्हणजे,” ते म्हणाले, “कट होताच!”

“व्हता की,” मामा म्हणाले. “तुमी तर कालच बरोबर ऐकलं हुतं.”

शेजारच्या घरातून ताकाची चरवी आली तेव्हा आम्ही बोलण्याच्या स्थितीत आलो. साहेबांनी तिथेच बाकड्यावर बसून मोबाईलवर अहवाल लिहिला. तो त्यांनी मला वाचून दाखवला. शब्द ओळखीचे होते. ‘मंगळवार पेठेत नागरिकांना पेयाद्वारे अपाय होत असल्याची स्वतः खात्री केली असून अधिक अपायाची शक्यता नाकारता येत नाही.’ अहवाल विशेष शाखेचा, विषय अपायाचा. गल्लीच्या अर्जांना जे जमले नव्हते ते या एका वाक्याने केले. त्याच दिवशी पाणीवाल्या खात्याची माणसे धावत आली, रस्ता उकरला गेला आणि गटाराची नळी पाण्याच्या नळीत कुठे मिसळते ते सापडले.

मला मात्र वरून खुलासा मागण्यात आला: बंदोबस्तावर असताना मिसळ का खाल्ली? मी उत्तर दिले, ‘कटाची प्रत्यक्ष खातरजमा करण्यासाठी.’ पुढे काही विचारणा झाली नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. मी त्यांना सांगतो, त्या दिवसानंतर माझ्या ठाण्यात तो बाक राहिला, पण तुम्ही अटकेत आहात की पाहुणे, हे सांगितल्याशिवाय त्यावर कुणाला बसवले नाही. चहाचा खर्च वाढला. हुकूम मी पुढेही पाळले, पण आधी पूर्ण वाचून. आणि चांगला नागरिक म्हणजे ज्याच्या नावाची पोलिसांत कधी नोंद नाही तो, ही माझी जुनी व्याख्या मी रद्द केली. ज्यांच्यामुळे माझी झोप उडाली आणि ज्यांनी मला शुद्धीवर आणले, त्या बाई माझ्या पाहण्यातल्या सर्वांत चांगल्या नागरिक होत्या, आणि त्यांची माझ्याच हातची नोंद स्टेशन डायरीत आहे.

निवृत्त झाल्यावर एकदा घराच्या नोंदीत माझे नाव चुकीचे लागले म्हणून मी एका कार्यालयात गेलो. टेबलामागच्या कारकून ताई मान वर न करता म्हणाल्या, “जरा बसा.” मी बसलो. माझ्यामागून आलेली माणसे कामे करून गेली. शेवटी मी उठलो आणि टेबलाशी जाऊन नम्रपणे विचारले, “ताई, मी अटकेत आहे का पाहुणा आहे?”

सगळ्या कार्यालयाने माझ्याकडे पाहिले. ताईंनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आले, मग हसू.

“चहा सांग रं साहेबांना,” त्या शिपायाला म्हणाल्या आणि माझा कागद ओढून घेतला. मग पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही आमच्या बाईंच्या शाळेतले व्हय? पण ती तर मुलींची शाळा हुती की ओ!”

“व्हय,” मी म्हणालो, “पण माझं नाव तिथं जरा उशिरा घातलं.”